सौर पॅनेलची बेरीज आणि चार्ज कंट्रोलरची मर्यादा

गच्चीवर किंवा शेतघरावर बॅटरीसह सौर संच बसवणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा वॅटचा असतो: पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला चार्ज कंट्रोलर हजार वॅटचा आहे, त्यावर बाराशे वॅटची पॅनेल जोडली तर चालतील का? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण पॅनेल वॅटच्या हिशेबाने विकत मिळते आणि दुकानदारही त्याच भाषेत बोलतो. परंतु पॅनेलचे वॅट थोडे जास्त झाले म्हणून चांगला एमपीपीटी (पॅनेलकडून सर्वाधिक वीज काढून घेणाऱ्या प्रकारचा) कंट्रोलर सहसा बिघडत नाही; व्होल्टेज थोडे जास्त झाले तर मात्र तो एका सकाळीच निकामी होऊ शकतो. बाराशे वॅट सुखाने सांभाळणारा कंट्रोलर साडेसातशे वॅटच्या चुकीच्या जोडणीने जळणे, यात अशक्य असे काहीही नाही. म्हणून वॅटची बेरीज सर्वांत शेवटी करावी आणि आधी व्होल्ट व अँपिअर यांचा हिशेब मांडावा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पीएम सूर्यघर योजनेतून घरोघरी बसणारे बहुतेक संच थेट वीजमंडळाच्या लाइनला जोडलेले असतात आणि त्यांत बॅटरी किंवा चार्ज कंट्रोलर नसतो. तेथे पॅनेलची वीज हाताळण्याचे काम ग्रिडचा इन्व्हर्टर करतो आणि त्याच्याही व्होल्टेजच्या मर्यादा असतात. मात्र येथील विवेचन बॅटरीच्या संचाविषयी आहे.

चार्ज कंट्रोलर पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसतो. पॅनेलकडून येणारी वीज बॅटरीला सोसेल अशा व्होल्टेजला आणून देणे, बॅटरी भरली की पुरवठा आवरता घेणे आणि रात्री बॅटरीतील वीज उलट पॅनेलकडे जाऊ न देणे, ही त्याची कामे. बाजारात त्याचे दोन प्रकार मिळतात. पीडब्ल्यूएम हा स्वस्त प्रकार म्हणजे मूलतः एक वेगाने उघडझाप करणारा स्विच असतो. तो चालू असताना पॅनेल थेट बॅटरीला जोडले जाते आणि पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत खाली खेचले जाते. एमपीपीटी प्रकारात मधे डीसीचे रूपांतर करणारे सर्किट असते. ते पॅनेलला त्याच्या सर्वाधिक वीज देणाऱ्या व्होल्टेजवर चालवते आणि तीच वीज कमी व्होल्ट व जास्त अँपिअर या रूपात बॅटरीला देते. हा फरक किती मोठा आहे, ते आज सर्रास मिळणाऱ्या ५४० वॅटच्या पॅनेलवरून दिसते. ते पॅनेल पीडब्ल्यूएमवर २४ व्होल्टच्या बॅटरीला लावले, तर साधारण १३ ते १४ अँपिअर गुणिले २६ व्होल्ट, म्हणजे ३५० वॅटच्या आसपासच वीज हाती लागते. उरलेली वीज कोठे हरवत नाही, ती पॅनेलकडून घेतलीच जात नाही.

लेबलवरील चार आकडे

पॅनेल उलटे केले की मागच्या बाजूस एक लेबल दिसते. ५४० वॅटच्या मोनो पॅनेलवर साधारणपणे असे आकडे असतात: ओपन सर्किट व्होल्टेज ४९.५ व्होल्ट, शॉर्ट सर्किट करंट १३.८५ अँपिअर, कमाल शक्तीचे व्होल्टेज ४१.५ व्होल्ट आणि कमाल शक्तीचा करंट १३ अँपिअर. पहिल्या दोघांना कारागीर व्हीओसी आणि आयएससी म्हणतात. वायर कोठेही जोडलेली नसताना पॅनेलच्या टोकांवर जे व्होल्टेज उभे राहते ते व्हीओसी. दोन्ही टोके एकमेकांना चिकटवली तर जो करंट वाहतो तो आयएससी. कंट्रोलरच्या सुरक्षिततेचा सगळा विचार या दोन आकड्यांवर होतो, पदरात पडणाऱ्या विजेचा विचार उरलेल्या दोन आकड्यांवर.

कंट्रोलरच्या नावातही दोन आकडे असतात. व्हिक्ट्रॉन कंपनीच्या १५०/३५ या एमपीपीटी कंट्रोलरचे उदाहरण घेऊ. त्यातील १५० म्हणजे पॅनेलच्या बाजूने सोसता येणारे कमाल व्होल्टेज आणि ३५ म्हणजे बॅटरीच्या बाजूला देता येणारा कमाल करंट. याच कंट्रोलरच्या माहितीपत्रकात शक्तीचे तीन आकडे दिलेले आढळतात: १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५०० वॅट, २४ व्होल्टवर १००० वॅट आणि ४८ व्होल्टवर २००० वॅट. एकाच यंत्राचे तीन आकडे पाहून गोंधळ होतो. परंतु यंत्राची खरी मर्यादा ३५ अँपिअर एवढीच आहे हे लक्षात घेतले की कोडे सुटते. चार्जिंगच्या अखेरीस १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १४.४ व्होल्टवर असते आणि ३५ गुणिले १४.४ म्हणजे ५०४ वॅट. २४ व्होल्टच्या संचाला हाच गुणाकार दुप्पट, ४८ व्होल्टच्या संचाला चौपट होतो. त्यामुळे पॅनेल वाढवायची असतील तर नवा कंट्रोलर घेण्याआधी बॅटरी १२ ऐवजी २४ व्होल्टची करता येईल का, हे पाहणे शहाणपणाचे ठरते. पुष्कळदा तेवढ्यावरच भागते, अर्थात इन्व्हर्टरही २४ व्होल्टचा घ्यावा लागतो.

याच माहितीपत्रकात बारीक अक्षरांत तिसरी मर्यादा असते: पॅनेलच्या बाजूचा कमाल शॉर्ट सर्किट करंट, या कंट्रोलरसाठी ४० अँपिअर. ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिच्याकडे पुढे येऊ.

व्होल्टेज लादले जाते, करंट घेतला जातो

सगळ्या विषयाचे मर्म या एका भेदात आहे. एमपीपीटी कंट्रोलरला हवा तेवढाच करंट पॅनेलकडून घेता येतो. बॅटरीला ३५ अँपिअरच द्यायचे असतील आणि पॅनेलची ताकद ४५ अँपिअर देण्याची असेल, तर कंट्रोलर पॅनेलला त्याच्या कमाल शक्तीच्या बिंदूवरून सरकवून जास्त व्होल्टेजच्या, कमी करंटच्या बाजूला नेतो आणि जास्तीची वीज नाकारतो. त्यात काही तापत नाही, काही जळत नाही. व्होल्टेजच्या बाबतीत मात्र कंट्रोलरला नकाराधिकार नाही. पॅनेलवर ऊन पडले की त्याचे व्होल्टेज कंट्रोलरच्या टर्मिनलवर येऊन उभे राहते, कंट्रोलर चालू असो वा बंद. आतील कपॅसिटर आणि मॉसफेट (वीज उघडझाप करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) ज्या व्होल्टेजसाठी बनवलेले असतात त्यापेक्षा जास्त व्होल्टेज आले की ते फुटतात, आणि हे नुकसान वॉरंटीतही बसत नाही.

सिरीज जोडणीत, म्हणजे एका पॅनेलचे प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडत गेल्यावर, व्होल्टेजची बेरीज होते आणि करंट एका पॅनेलइतकाच राहतो. पॅरलल जोडणीत करंटची बेरीज होते आणि व्होल्टेज तेवढेच राहते. म्हणजे किती पॅनेल घ्यायची याइतकेच ती कशी जोडायची, हेही महत्त्वाचे आहे.

आता तीच ५४० वॅटची पॅनेल १५० व्होल्टच्या कंट्रोलरला सिरीजमध्ये जोडून पाहू. तीन पॅनेलचे व्हीओसी ४९.५ गुणिले ३ म्हणजे १४८.५ व्होल्ट भरते. दीडशेच्या आत आहे, तेव्हा जोडायला हरकत नाही, असे वाटते. हरकत आहे, आणि ती थंडीची आहे.

लेबलवरील आकडे प्रयोगशाळेतील ठरावीक परिस्थितीचे असतात: प्रति चौरस मीटर १००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस. सेल थंड झाला की त्याचे व्होल्टेज वाढते. सिलिकॉनच्या एका सेलमागे दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट. आकडा क्षुल्लक दिसतो, पण या पॅनेलमध्ये ७२ सेल एकापुढे एक जोडल्याइतके व्होल्टेज असते. माहितीपत्रकात हाच परिणाम टक्क्यांत दिलेला असतो. या जातीच्या पॅनेलसाठी तो दर अंशाला उणे ०.२७ टक्क्यांच्या आसपास असतो. त्यातील उणे चिन्हाचा अर्थ, तापमान वाढले की व्होल्टेज घटते आणि तापमान उतरले की वाढते.

नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात हिवाळ्यात पारा ५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली, उतरतो. २५ वरून ५ अंशांवर येताना २० अंशांचा फरक पडतो. २० गुणिले ०.२७ म्हणजे ५.४ टक्के वाढ. ४९.५ चे ५२.२ व्होल्ट होतात आणि तीन पॅनेलचे १५६.५. मर्यादा ओलांडली गेली. द्राक्षबागेतील शेतघरावर जून महिन्यात बसवलेला संच सहा महिने विनातक्रार चालतो आणि जानेवारीतील एका सकाळी बंद पडतो, तो अशा कारणाने. मग दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

पहाटेच्या कोवळ्या उन्हात एवढे व्होल्टेज कसे येईल, अशी शंका येणे रास्त आहे. उत्तर असे की, प्रकाश कमी झाला तर करंट त्याच प्रमाणात घटतो, पण व्होल्टेज फारच थोडे घटते. प्रकाश एक पंचमांश असला तरी व्हीओसी साधारण ९५ टक्क्यांच्या आसपास असते. उजाडून थोडा वेळ झाला, ऊन चांगले पडू लागले, पण पॅनेल अजून तापलेले नाही, अशी घटिका सर्वांत धोक्याची. त्यात निरभ्र रात्री पॅनेल आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होतो. शिवाय त्या वेळी कंट्रोलर नुकताच जागा होत असतो किंवा बॅटरी आधीच भरलेली असते. पॅनेलकडून करंट घेतला जात नाही आणि ते आपल्या ओपन सर्किट व्होल्टेजवर मोकळे उभे असते. सारे प्रतिकूल योग एकाच वेळी जुळून येतात.

म्हणून हिशेबात आपल्या गावाचे हिवाळ्यातील सरासरी तापमान न धरता आजवरचे नीचांकी तापमान धरावे. लेबलवरच्या व्हीओसीतही काही टक्के कमीजास्तपणा असू शकतो, तेव्हा उत्तर मर्यादेच्या जेमतेम आत येत असेल तर ती जोडणी टाळावी. कोकणात आणि गोव्यात थंडी नसते, तेथे एवढी काळजी कशाला, असे म्हटले जाते. पण १०० व्होल्टच्या कंट्रोलरला हीच दोन पॅनेल सिरीजमध्ये लावली तर लेबलप्रमाणे ९९ व्होल्ट होतात आणि १५ अंशांच्या सकाळी १०१.७. म्हणजे पणजीतही ही जोडणी चुकीचीच. लेहमध्ये उणे २० अंश धरले तर त्याच दोन पॅनेलचे व्होल्टेज १११ वर जाते.

उन्हाळ्याची दुसरी बाजू

कमाल मर्यादेप्रमाणे किमान मर्यादाही असते आणि तिची परीक्षा वैशाखात होते. एमपीपीटी कंट्रोलरला काम सुरू करण्यासाठी पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा काही व्होल्टने जास्त लागते. वर उल्लेखलेल्या कंट्रोलरला ते सुरुवातीला ५ व्होल्टने आणि नंतर किमान १ व्होल्टने जास्त हवे असते. विदर्भात हवा ४५ अंशांवर असते तेव्हा उन्हातील पॅनेलच्या सेलचे तापमान ७० अंशांवर सहज जाते. ‘बारा व्होल्टचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ३६ सेलच्या पॅनेलचे कमाल शक्तीचे व्होल्टेज १८ असते. तशी दोन पॅनेल २४ व्होल्टच्या बॅटरीसाठी सिरीजमध्ये लावली तर ३६ व्होल्ट मिळतात, ते या उष्णतेत ३० व्होल्टच्या खाली येतात. बॅटरी २८.८ व्होल्टवर पोचलेली असेल तर फरक एखाद्या व्होल्टचाच उरतो आणि त्यातलाही काही भाग लांब वायरमध्ये जातो. भर उन्हात चार्जिंग मंद का, या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. तीन पॅनेल सिरीजमध्ये घेतली की हा प्रश्न उरत नाही, अर्थात कंट्रोलरची व्होल्टेजची कमाल मर्यादा तेवढी असेल तर.

जास्त वॅट जोडावेत का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. १५०/३५ कंट्रोलर आणि २४ व्होल्टची बॅटरी असेल, तर १००० वॅटच्या मर्यादेवर ५४० वॅटची दोन पॅनेल, म्हणजे १०८० वॅट, सिरीजमध्ये जोडणे केवळ चालण्यासारखे नव्हे तर योग्य आहे. व्होल्टेज निफाडच्या थंडीतही १०५ च्या आसपासच राहते आणि करंट १३.८५ अँपिअरच राहतो. १०८० वॅट हा आकडा पुन्हा २५ अंशांच्या सेलचा आहे. ७० अंशांवर शक्ती दर अंशाला सुमारे ०.३५ टक्क्याने घटून ९१० वॅट उरते. धूळ आणि वायर यांचा वाटा त्यातून वेगळा जातो. म्हणजे उन्हाळ्यातील दुपारी हा संच कंट्रोलरची मर्यादा गाठतच नाही; ती गाठली जाते हिवाळ्यातील एखाद्या स्वच्छ दुपारी, आणि तेव्हा कंट्रोलर वरची थोडी वीज सोडून देतो.

पावसाळ्यात तर मोठ्या संचाचा थेट फायदा आहे. दिवसभर मळभ असताना प्रकाश २०० वॅट प्रति चौरस मीटरवर आला तर १०८० वॅटचा संच २१६ वॅट देतो आणि १५०० वॅटचा ३००. जेथे दिवा, पंखा आणि मोबाइल पावसाळ्यातही या संचावरच अवलंबून आहेत, तेथे कंट्रोलरच्या क्षमतेपेक्षा २५-३० टक्के जास्त पॅनेल लावण्यात काही वावगे नाही, असे माझे मत आहे. पॅनेल आता पूर्वीइतकी महाग राहिलेली नाहीत. उन्हाळ्यात थोडी वीज वाया गेल्याचे दुःख आषाढात बॅटरी भरल्याच्या सोयीपुढे फार नसावे.

पण मर्यादा आहे. तीन पॅनेल घेऊन १६२० वॅट करू म्हटले, तर सिरीजमध्ये व्होल्टेज दीडशेच्या वर जाते हे वर आलेच. तिन्ही पॅरललमध्ये जोडली तर व्होल्टेज ४९.५ वर सुरक्षित राहते, परंतु शॉर्ट सर्किट करंट ४१.५५ अँपिअर होतो आणि ती बारीक अक्षरांतील ४० अँपिअरची मर्यादा ओलांडली जाते. चालू स्थितीत कंट्रोलर एवढा करंट घेणारच नाही हे खरे. ही मर्यादा असते ती जोडणी करताना प्लस-मायनस उलटे लागले तर काय होईल यासाठी. तसे झाले की पॅनेलचा पूर्ण शॉर्ट सर्किट करंट कंट्रोलरच्या आतून वाहतो आणि तेथील भागांना तो सोसावा लागतो. चार पॅनेल दोन-दोनच्या सिरीजमध्ये आणि त्या दोन माळा पॅरललमध्ये जोडल्या तर ९९ व्होल्ट आणि २७.७ अँपिअर होतात, दोन्ही मर्यादांच्या आत. पण २१६० वॅटपैकी हजारच वापरता येत असतील तर हा खर्च ४८ व्होल्टच्या बॅटरीशिवाय करू नये.

पीडब्ल्यूएम कंट्रोलरला जास्त वॅट जोडण्याची ही मोकळीक लागू नाही. तो चालू असताना पॅनेलचा पूर्ण करंट त्याच्या आतून जातो, तो कमी करण्याची सोय त्याच्याजवळ नाही. त्यामुळे तेथे आयएससीला १.२५ ने गुणून येणारा आकडा कंट्रोलरच्या अँपिअरपेक्षा कमीच असावा लागतो. सव्वापट कशासाठी? ढगाच्या कडेवरून परावर्तित होणारा प्रकाश थेट उन्हात मिसळला की काही क्षण पॅनेलवर १००० वॅटपेक्षा जास्त प्रकाश पडतो; श्रावणातील ऊनपावसात असे क्षण वारंवार येतात. ५४० वॅटची दोन पॅनेल पॅरललमध्ये लावली तर हा आकडा ३४.६ येतो, म्हणजे ३० अँपिअरचा पीडब्ल्यूएम त्यांना पुरणार नाही. मागच्या बाजूनेही प्रकाश घेणारी बायफेशियल पॅनेल चुना किंवा पांढरा रंग दिलेल्या गच्चीवर उभी केली तर करंट आणखी वाढतो. त्यांच्या माहितीपत्रकात मागच्या बाजूच्या वाढीसह वेगळे आकडे दिलेले असतात, ते धरावेत.

कंट्रोलरचे गणित जमले तरी बॅटरीचे राहतेच, आणि आपल्याकडे जास्त नुकसान तेथे होते. घरोघरी इन्व्हर्टरला असणाऱ्या १५० अँपिअर-तासांच्या ट्युब्युलर बॅटरीला साधारण दहा टक्के, म्हणजे १५ अँपिअर चार्जिंग मानवते. अशा दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केले तरी हा आकडा १५ च राहतो, तीस होत नाही. त्यावर ३५ अँपिअरचा कंट्रोलर मोकळा सोडला तर बॅटरी तापते, पाणी लवकर आटते आणि प्लेटांचे आयुष्य घटते. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये कमाल चार्जिंग करंट कमी करता येतो, तो बॅटरी उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेला आणून ठेवावा. मग मोठी पॅनेल कशाला, असे वाटेल. तर त्याच बॅटरीला समांतर आणखी एक जोडी दिली की मर्यादा ३० अँपिअर होते आणि हजार वॅटचा संच बराचसा कामी येतो. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी क्षमतेच्या निम्म्यापर्यंत करंट सहसा घेऊ शकते, त्यामुळे तेथे ही अडचण कमी येते.

पुढे कधी पॅनेल वाढवायची ठरली तर जुन्या माळेत वेगळ्या वॅटचे नवे पॅनेल घुसवू नये, कारण सिरीजमध्ये सर्वांत कमी करंट देणाऱ्या पॅनेलच्या तालावर बाकीच्यांना चालावे लागते. नव्या पॅनेलसाठी दुसरा कंट्रोलर घेऊन त्याची बॅटरीकडील बाजू जुन्याच बॅटरीला जोडता येते. दोन कंट्रोलर एकच बॅटरी चार्ज करू शकतात, फक्त दोघांच्या करंटची बेरीज बॅटरीच्या मर्यादेत असावी आणि दोघांचे व्होल्टेजचे सेटिंग सारखे असावे. पॅनेलच्या बाजूने मात्र प्रत्येकाची माळ स्वतंत्रच ठेवावी लागते. एकाच माळेची वायर दोन कंट्रोलरना वाटून दिली तर दोघेही तिचे कमाल शक्तीचे व्होल्टेज शोधण्यासाठी एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि दोघांचेही काम बिघडते.